पाण्याच्या वेळेचं शवासन

पेन्शनरांच्या बैठकीत माझी एक करमणूक ठरलेली आहे. चहा झाला की कुणीतरी म्हणतं, "काका, दाखवा की." मग मी उभा राहतो, गुडघे न मोडता खाली वाकतो आणि दोन्ही पायांचे अंगठे धरतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेली माणसं कमरेला हात लावून बघत बसतात. "कसं काय जमतं?" असं विचारलं की मी छाती काढून सांगतो, "नियम. नांदेडला धरला, आजवर खंड नाही."

हे खोटं आहे. खंड पडला होता. लातूरला, एकोणीस दिवसांचा. ते एकोणीस दिवस मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितले तर ऐकणाऱ्याचा योगावरचा विश्वास शाबूत राहील, माझ्यावरचा राहणार नाही.

योगाचे फायदे मात्र मी मनापासून सांगतो, कारण ते मला झालेले आहेत. पाठ दुखायची थांबली, पित्त गेलं, झोप आली, डोकं थंड झालं. ह्यातलं एकही खोटं नाही. पण आमच्या घरात पाठी दोन होत्या, आणि दुसरीबद्दल मला कुणी विचारत नाही.

नांदेडला मी कचेरीत कारकून होतो. तिशी उलटली नव्हती आणि पोट टेबलाला टेकत होतं. सकाळी पाठीत अशी कळ यायची की चपला पायात सरकवायला बायको लागायची. ती लोहा तालुक्यातल्या खेड्यातली, जन्मभर शेतात वाकलेली, काटक. खाली बसून माझ्या पायात चपला घालायची आणि मी वरून म्हणायचो, "डावी उजवी बघ जरा."

पाठीपेक्षा डोकं वाईट होतं. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. एकदा वरणाचा डाग पडला तो निघेना, म्हणून तिनं तिथं कॅलेंडर लावलं. नंतर दुसऱ्या भिंतीवरही एक लावावं लागलं. पाहुणे विचारायचे, एका खोलीत दोन कॅलेंडरं कशाला? मी हात उचलत नव्हतो, हे मी तेव्हा फार अभिमानानं सांगायचो. नुसतं ओरडायचो आणि फेकायचो. ती कोपऱ्यात उभी राहून मी थांबायची वाट बघायची. एवढंच.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गोळ्या देऊन कंटाळले आणि त्यांनी मला एका रिटायर ड्रिल मास्तरांकडे धाडलं. हे गुरुजी गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका शाळेच्या हॉलमध्ये पहाटे योगाचा वर्ग घ्यायचे. फी नव्हती, दया पण नव्हती. पहिल्याच दिवशी वाकताना माझा पायजमा मागून असा उसवला की हॉलभर आवाज गेला. मी दोन्ही हात मागं नेऊन उभा. गुरुजी म्हणाले, "बरं झालं, मोकळं झालं. आता वाका." शेवटी शवासन होतं, म्हणजे प्रेतासारखं निपचित पडायचं. मला लगेच झोप लागली आणि मी घोरायला लागलो. शेजारचा वकिलाचा कारकून म्हणाला, "गुरुजी, ह्या मुडद्याला आवाज हाय."

गुरुजींचा एकच कायदा होता. खंड नको. "घरी मयत असली तर माती देऊन या अन् मग करा. पण करा. एक दिवस सोडला की शरीर दहा दिवस माघं जातं." हा कायदा मला फार आवडला. का ते नंतर कळलं. ज्या कायद्यामुळं घरातलं कुणी आपल्याला हाक मारू शकत नाही, तो पुरुषाला आवडतोच.

तीन महिन्यांत चपला माझ्या मी घालायला लागलो. पण खरा फरक दिसला तो जेवताना. एका दुपारी मी जेवत होतो आणि बायको समोर बसून माझ्याकडं बघत होती. घास खाली ठेवून मी विचारलं, "काय गं?"

"मीठच न्हाई त्याच्यात," ती म्हणाली. "इसरले."

"हाव," मी म्हणालो, आणि वरून मीठ घेतलं.

ती तशीच बसून राहिली. तिला हसू आलं होतं की रडू, मी लक्ष दिलं नाही, भाकरी गरम होती. दुसऱ्या दिवसापासून मला पाचला उठवायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं. कधी मी कुरकुर केली, आज राहू दे म्हणालो, तर पांघरूण ओढून काढायची. "अवं उठा. योग चुकवू नका." माझ्या योगाला माझ्यापेक्षा तीच जास्त जपायची, आणि मला वाटायचं की हे पतिप्रेम.

मग लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, हुकूम निघाला, आणि आम्ही एका ट्रंकेसह आणि लहानग्या लेकीसह तिकडं गेलो. कचेरीचा बोर्ड रंगवून तयार होता, खुर्च्या यायच्या होत्या. जुन्या जिल्ह्यातून फायली पोत्यांत भरून आल्या होत्या. मी पहिले पंधरा दिवस एका पोत्यावर बसून काम केलं, दुसऱ्या पोत्यावर लिहिलं. बाकीचे कारकून कमरेला हात लावून उठायचे, मी सटकन उठायचो. साहेब म्हणाले, "तुमची कमर लई मजबूत आहे हो." त्या दिवसापासून कचेरीत मी योगी झालो.

खोली शोधायला मात्र योगाचा उपयोग झाला नाही. घरमालक आधी गाव विचारायचे, मग नोकरी विचारून खूष व्हायचे, आणि मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली कालच दिलेली असायची. शेवटी रेल्वेच्या रुळापलीकडं, आपल्याच माणसांच्या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या. नळ नव्हता. वस्तीला मिळून एक हापसा होता.

त्या वर्षी पाऊस पोळ्याच्या आधीच आटोपला, आणि पुढच्या वर्षी तर नीट सुरूच झाला नाही. शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नव्हतं, मग आमच्या हापशाला कोण विचारतो. रात्रभर दांडा बंद राहिला की खाली थोडं पाणी साचायचं. ते साडेपाचपासून निघायचं. सातच्या पुढं दांडा नुसता खडखड वाजायचा. म्हणून बाया अंधारातच घागरी रांगेत मांडून ठेवायच्या, आणि साडेपाच ते सात अख्खी वस्ती त्या दांड्याला लोंबकळलेली असायची. काही बाप्ये सायकलला डबे बांधून यायचे.

माझ्याकडं सायकल होती. माझा योगही साडेपाच ते सातच होता.

मी विचारलं नाही असं नाही. एकदा सतरंजी पसरता पसरता म्हणालो, "मी येऊ का गं पाण्याला?" सतरंजी पसरत असताना विचारलं की समोरचं माणूस काय म्हणणार, एवढं कचेरीत काम करून मला कळत होतं.

"नगं नगं. तुमी बसा तुमच्या योगाला."

मी बसलो.

आता माझी अक्कल किती होती ते सांगतो. गुरुजींनी आसनांबरोबर क्रियाही शिकवल्या होत्या. नेती म्हणजे नळीच्या तांब्यानं एका नाकपुडीत पाणी ओतून दुसरीतून काढायचं. आणि आठवड्यातून एकदा वमन. उकिडवं बसून सहा ग्लास कोमट मिठाचं पाणी घटाघटा प्यायचं, मग वाकून, घशात दोन बोटं घालून सगळं ओकून टाकायचं. पित्तावर ह्यासारखं औषध नाही. नांदेडला गोदावरी शेजारी होती, तिथं हे ठीक होतं. नियमात खंड नको, म्हणून मी दुष्काळातल्या लातुरातही दर रविवारी वमन करत होतो. घागरीतनं सहा ग्लास मीच मोजून घ्यायचो. बायको उरलेल्या पाण्यावर झाकण ठेवायची.

एका रविवारी खोलीमागच्या गटारावर वाकून मी वमन करत होतो. पाणी धो धो बाहेर येत होतं. उन्हाळा होता, शेजारच्या वस्तीत जुलाब-उलट्यांनी दोन माणसं दवाखान्यात होती. आमच्या शेजारच्या म्हातारीनं मला बघितलं आणि बोंब ठोकली, "पटकी! साहेबाला पटकी झाली गं! धावा!"

हापशावरच्या बाया धावत आल्या. रांग सोडून, दांडा सोडून. दुष्काळात रांग सोडणं म्हणजे काय ते ज्यानं सोडली त्यालाच ठाऊक. एकीनं नुकतीच भरलेली कळशी कमरेवर घेऊन आणली होती, मला पाजायला.

मी तोंड पुसलं, सरळ झालो आणि कचेरीतल्या आवाजात म्हणालो, "काही नाही, काही नाही. ही क्रिया आहे."

"कसली किर्या?"

"पाणी प्यायचं आणि काढून टाकायचं. आतून सफाई होते."

"मुद्दाम?"

"हो."

"किती पेलात?"

"सहा ग्लास."

म्हातारी पुढं झाली आणि गटारात वाकून बघितलं. पाणी मातीत जिरत होतं. सगळ्या गटाराकडं बघायला लागल्या, म्हणून मी आणखी बोललो. गप बसायला मला योगानं अजून शिकवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, तुम्हीसुद्धा करून बघा. तब्येतीला लई चांगलं."

कळशीवालीनं कळशी पुन्हा कमरेवर घेतली. "आमाला लेकराचं बूड धुवाया पानी न्हाई," ती म्हणाली, "अन् हे आतडी धुवून राहिलेत."

त्या परत गेल्या तोवर सात वाजून गेले होते. हापसा खडखडत होता. माझ्या पित्तापायी वस्तीतल्या निम्म्या घरांचं त्या दिवसाचं पाणी गेलं.

वमन मी बंद केलं, एवढी लाज होती. नेती चालू ठेवली. एक तांब्या पाण्यानं काय होतं, असं स्वतःला म्हणालो. पण तो तांब्या आता कुठून येत होता, हे मला आठ महिने ठाऊक नव्हतं. वाचणाऱ्याला का ताटकळत ठेवू, इथंच सांगतो.

दुसऱ्याच पहाटे बायकोची घागर रांगेतून काढून बायांनी शेवटी नेऊन ठेवली. "ज्याच्या घरी सांडाया पानी हाय, त्यानं माघं थांबावं." शेवटी थांबणं म्हणजे रिकामं परतणं. ती भांडली नाही. तिसऱ्या दिवसापासून ती वस्तीच्या मागं, दीड मैलावर एका मळ्यातल्या विहिरीवर जायला लागली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दोन घागरी, कमरेला कळशी. अशा दोन खेपा. त्यासाठी ती चारच्याही आधी उठायची, आणि मधल्या खेपेला येऊन मला योगासाठी उठवून जायची.

तिच्या लवकर उठण्याचा अर्थ मी काय लावला असेल? मला वाटलं, माझ्या सहवासानं तिलाही पहाटेची गोडी लागली. कचेरीत मी तसं सांगितलं पण. "घरातल्या एकानं योग केला की बाकीच्यांवर आपोआप परिणाम होतो."

परिणाम होत होता. ती भिंतीला धरून उठायला लागली. चुलीपुढून उठताना एक हात जमिनीवर टेकायची. एकदा डावा पाय बधिर होतोय म्हणाली. मी म्हणालो, "तू वाकतेस चुकीची. गुडघ्यातून वाकत जा. आणि थोडा योग करत जा."

"कवा करू?"

"वेळ काढावा लागतो," मी म्हणालो.

त्याच सुमारास कचेरीतल्या लोकांनी मला एका शाळेच्या हॉलमध्ये योगावर बोलायला उभं केलं. विषय मीच निवडला, पाठीचा कणा. शाळेच्या विज्ञान खोलीतून मणक्यांचा मोठा तक्ता मागून आणला. बाप्ये बाकांवर, बाया खाली सतरंजीवर. बायकोला मी मुद्दाम पुढं बसवलं. तक्त्यावर काठी ठेवून मी तासभर बोललो. हा मणका, ही मधली गादी, हिच्यावर भार पडला की काय होतं, आणि नियमित योग केला तर भार कसा पडत नाही. लोक माना डोलवत होते. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं कधी बोललो नव्हतो.

शेवटी सगळ्यांना आडवं करून शवासन घातलं. पाच मिनिटं झाली. मी म्हणालो, "आता हळूहळू उठा." सगळे उठले. पुढच्या सतरंजीवर एक बाई उठली नाही.

ती माझी बायको होती. आणि मी हॉलकडं तोंड करून काय म्हणालो? म्हणालो, "आमच्या घरची मंडळी बघा, किती खोल गेल्या!"

लोक हसले. मीही हसलो. मग जवळ जाऊन वाकलो. ती छताकडं बघत होती. डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहून कानात जात होतं.

"ऊठ की. लोक बघून राहिलेत."

ओठ न हलवता ती म्हणाली, "उठता येईना वो."

चार बायांनी तिला उचललं. मणक्यांचा तक्ता मागं तसाच लटकत होता. डॉक्टरांनी फोटो काढला आणि माझ्या तक्त्यावरचीच ती गादी सरकलेली दाखवली.

"वजन उचलता का तुम्ही?" त्यांनी तिला विचारलं.

"पानी आनते."

"कुठून?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "मळ्यातल्या विहिरीवरून."

"हापशावरून, डॉक्टर," मी दुरुस्ती केली.

डॉक्टर तिच्याकडंच बघत राहिले. "आठ महिने झाले," ती म्हणाली. "हापशावर घेत न्हाईत." मग जे झालं होतं ते तिनं चार वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडं बोट केलं. "आणि हे काय करतात त्या वेळेला?"

"हे योग करतेत," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

डॉक्टरांनी बाहेर नेऊन मला स्पष्ट सांगितलं. तीन महिने लाकडी फळीवर सरळ झोपून राहायचं. उठायचं नाही, वाकायचं नाही, तांब्यासुद्धा उचलायचा नाही. एवढं पाळलं तर ती पहिल्यासारखी चालेल. नाही पाळलं तर नस दबेल आणि डावा पाय जाईल. "आणि तुमची आसनं तिला शिकवू नका," ते म्हणाले.

तरी मी एका रविवारी लेकीला आणि बायकोला शेजारच्या म्हातारीवर सोपवून नांदेडची एसटी धरली. गुरुजी म्हातारे झाले होते, ओसरीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, "अशा मणक्याला काय द्यावं?"

"बाईमाणसाला मी कधी शिकवलं न्हाई," ते म्हणाले. मग नदीच्या बाजूला बघायला लागले. त्यांची बायको मी वर्गात जायच्या आधीच गेली होती. "आमच्यात बी पानी तीच भरायची. पहाटं. मला हे आत्ता तू बोलल्यावर आठवून राहिलं." मला वाटलं आणखी काही सांगतील. "जा," ते म्हणाले. "गाडी मिळायची न्हाई."

त्यानंतर मी पाण्याला जायला लागलो. सायकलला दोन डबे. हापशावर मी सगळ्यात मागं उभा राहिलो, तर ती कळशीवालीच म्हणाली, "भाऊ, डबा फुडं ठिवा. ती माउली पडून हाय म्हून हो, तुमच्यासाठी न्हाई." म्हणजे भांडण एका वाक्यात मिटलं. आठ महिन्यांपूर्वी मी जाऊन माफी मागितली असती तर तेव्हाही मिटलं असतं.

साडेपाच ते सात पाणी. मग चूल, लेकीची आंघोळ, बायकोचं सगळं फळीवर, मग कचेरी. योग बंद पडला. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट थोडा त्यागाचा आनंदच वाटत होता. आठव्या दिवशी पित्त उसळलं. बाराव्या दिवसापासून झोप जाग्यावर नव्हती. पाठ कुरकुरायला लागली. योगाचे फायदे खरे असतात ते असे कळतात. आणि भाकरी करपली की कानशिलं तापायची, तेही ओळखीचं होतं. फळीवरून ती माझ्याकडं बघत राहायची. "बरं हाय का तुमाला?" असं दिवसातून दोनदा विचारायची. झोपलेलं माणूस उभ्या माणसाला.

एकोणिसाव्या दिवशी मी दोन्ही डबे भरून अंगणात आलो आणि सायकल उंबऱ्याशी घसरली. चाळीस घागरींच्या रांगेत उभं राहून मिळवलेलं पाणी डोळ्यांदेखत मातीत गेलं. मी कळशी उचलली आणि भिंतीवर फेकली. मग डबा फेकला. मग ओरडायला लागलो. काय ओरडलो ते लिहवत नाही. त्यात "तुझ्यापायी" हा शब्द होता, पुष्कळदा होता.

लेक रडायला लागली. बायको आतून म्हणत होती, "अवं बसा. तुमी योगाला बसा. पान्याचं मी बघते. बसा तुमी." हे मला ऐकू येत होतं. मी ओरडायचं थांबवलं नाही. दारातून बघितलं तर तिनं पाय फळीखाली सोडले होते. भिंतीला धरून ती उभी राहिली, दोन पावलं चालून उंबऱ्याशी आली, आणि तिथं पोचा पडलेल्या कळशीला हात घालायला वाकली.

ती पडल्याचा आवाज मोठा नव्हता.

डाव्या पायातली ताकद त्या सकाळी गेली. सोलापूरला नेलं, ऑपरेशन झालं. तिथं दवाखान्याच्या व्हरांड्यात दुसऱ्याच पहाटेपासून मी पुन्हा योगाला बसलो. ताकद परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, दुखणं कमी होईल, तेवढंच म्हणा.

सोलापूरच्या वॉर्डात एका दुपारी मी तिला विचारलं, "हापशावर घेत नाहीत हे तू मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी पान्याला आला असता."

"मग?"

"मंग योग मोडला असता." तिनं तोंड भिंतीकडं केलं. "नांदेडची पहिली वर्सं मी कशी काढली ते माझं मला ठाव. पान्याचं ओझं बरं. ते उतरून ठिवता येतं."

घरी आल्यावर मी दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठलो. साडेपाचपर्यंत योग केला आणि मग डबे घेऊन हापशावर गेलो. दोन्ही झालं. योग दीड तास आधी धरायचा, एवढाच प्रश्न होता. ती चारच्याही आधी उठत होती, तेव्हा मलाही उठता आलं असतं. हे सुचायला ना गुरुजी लागत होते, ना डॉक्टर, आणि मला ते सुचलं तेव्हा तिचा पाय गेलेला होता.

पुढं पाऊस झाला, वस्तीत नळ आला, माझी बदली परत नांदेडला झाली. ती काही वर्षं काठीनं चालली. आता खाटेवरच असते. मी योग सोडला नाही. सोडायची हिंमत नाही. सोडला तर मी पुन्हा कोण होतो ते त्या सकाळी दोघांनीही बघितलं आहे. करत राहिलो तर पाठ ताठ राहते, जेवण पचतं, झोप गाढ लागते. ज्या पाठीनं ह्याची किंमत दिली तिच्याकडं बघत बघत मला हे सगळे फायदे रोज होत असतात.

सकाळी मी तिच्या खाटेसमोरच बसून श्वास धरतो, सोडतो. हाक मारली की लगेच उठता यावं म्हणून तिथं बसायचं ठरवलं. त्या वेळेला तिला कूस बदलायची असते, मला ठाऊक आहे. ती हाक मारत नाही. मध्येच डोळे उघडले तर ती माझ्याकडंच बघत असते. फार वर्षं मी धरून चाललो होतो की ही माया आहे. ती माझ्या कपाळावर आठी आहे का, ते बघत असते. नाही अशी खात्री झाली की मग डोळे मिटते.